फक्कीचं कुंपण

मे महिना लागला की माझ्या हाताला फक्की लागते. मैदानावर रेघा आखायची ती पांढरी भुकटी. खरं तर खेळाचा तास कधीच माझा नव्हता. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि खडूखेरीज पांढरं काही हातात धरलं नाही. पण निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या चर्चच्या आवारात मुलांची दहा दिवसांची शास्त्रशाळा भरते (बायबलला आम्ही शास्त्र म्हणतो), आणि मागच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. काल कुलूप काढलं. दाराच्या फळीला वाळवी लागली आहे. कोपऱ्यात नाताळच्या चांदणीचा सांगाडा, फाटक्या गीतपुस्तकांचा गठ्ठा, फक्कीची अर्धी पिशवी, आणि खिळ्याला लटकलेली सायकलची जुनी ट्यूब. तिच्यावर खडूनं काढलेली रेघ केव्हाच पुसून गेली आहे. ट्यूब मात्र मी टाकत नाही.

वर्ग सकाळी साडेसात ते दहा. दहानंतर आवारातली फरशी इतकी तापते की मुलं चपला घालूनही एका पायावर नाचतात. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी निम्मा वर्ग उशिरा येतो, कारण घरोघरी पाणी भरायला हात लागतात. मग येतात तेव्हा सगळ्यांच्या बाह्या ओल्या. आम्ही छावणीकडच्या बाजूला. फाटकाबाहेर एक जुना कडुनिंब आहे, त्याच्याभोवती दगडी पार. मुलांना सोडायला आलेले बाप पाराशी गाडी लावतात, दोन शब्द बोलतात आणि कामाला जातात. एकच बाप जायचा नाही. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि थोडी माझी.

चार वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, नवे होते, वयानं माझ्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान. म्हणाले, “बाई, पोरं नुसत्या गोष्टींना कंटाळतात. यंदा शास्त्रात तुमचं गणित आणा की.” त्यांना वाटलं असावं, मी पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन गुणाकाराची उदाहरणं घालीन. मी टोपॉलॉजी आणली. पुस्तकी मराठीत तिला संस्थिती म्हणतात, पण तो शब्द ऐकला तर मुलं सोडाच, मीसुद्धा उठून जाईन. मुलांना मी सांगितलं, ही रबराची भूमिती. नेहमीच्या भूमितीत लांबी, रुंदी, कोन यांना केवढा मान! हिच्यात त्यांना काडीची किंमत नाही. वस्तू ताणा, दाबा, पिळा, फुगवा; फक्त फाडायची नाही आणि चिकटवायची नाही. एवढे हाल करूनही जे तसंच उरतं तेवढ्याचाच हिच्यात विचार. आत असलेलं आत उरतं. भोक असेल तर भोक उरतं. एम.एस्सी.ला असताना मला हा विषय आवडला तो याच्यामुळे. माणूस आयुष्यात इतका ताणला-दाबला जातो. त्यात काय शिल्लक राहतं हे विचारणारं गणित मला दुसरं भेटलं नाही.

पहिल्या दिवशी चिकणमाती. शास्त्रात कुंभार आहेच, त्याच्या हातातली माती आहे, तेव्हा धडा सोपा होता. वाटी थापली, ताट झालं. ताट मुठीत दाबलं, गोळा झाला. “तिन्ही एकच,” मी म्हटलं, आणि मुलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना ऊन लागलंय. मग कप केले. कपाला कान आला की खेळ बदलतो. दाबत दाबत, फिरवत फिरवत कपाची बांगडी झाली, पण कानातलं भोक काही जाईना. एकानं विचारलं, बुजवू का? मी म्हटलं, बुजवलंस की ती दुसरीच वस्तू झाली. नऊ वर्षांची एक मुलगी पहिल्या रांगेत मातीची बांगडी हातात धरून बराच वेळ बसली होती. मग म्हणाली, “बाई, मंग माणूस काय हाय? वाटी का बांगडी?”

चौतीस वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. “तूच सांग,” मी म्हटलं. तिनं तोंडापासून सुरुवात केली, घसा, पोट, आणि पुढे कुठं जायचं ते कळल्यावर तोंडावर हात दाबून हसायला लागली. सगळा वर्ग हसला. “बांगडी,” ती म्हणाली. तिचं नाव कृपा.

कृपाची आई सुनीता आमच्या मंडळीतली, म्हणजे या चर्चची सभासद. एका दवाखान्यात नर्स आहे. वडील गौतम बौद्ध घरातले. त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. लग्न कचेरीत झालं. मंडळीच्या यादीत कुटुंबप्रमुखाचा एक रकाना असतो, सुनीताच्या नावापुढे त्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. गौतमना कुणी कधी आत या म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही. ते रविवारी बायको-मुलीला सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत कडुनिंबाच्या पारावर बसायचे. शास्त्रशाळेच्या दिवसांतही तसंच. दुकान दहानंतर उघडायचे. मंडळीत सगळे म्हणायचे, माणूस समंजस आहे. मीही म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना वेरूळची लेणी आठवायला सांगितली. शाळेच्या सहलीनं सगळ्यांची पाहून झालेली. लेण्यात गेलेला माणूस डोंगराच्या आत असतो का? सगळे म्हणाले, हो. मग मी मातीच्या गोळ्यात बोट खुपसून खळगा केला. एका तोंडाचं लेणं म्हणजे डोंगराची वाटी. खळग्यात बसलेली मुंगी अजून बाहेरच असते. डोंगर न फोडता आत जायला वाटच नाही. मुलांना हे फार आवडलं. मला मात्र सांगता सांगता आमचे अण्णा दिसले.

अण्णा म्हणजे आमचे वडील. ते याच शहरात पाळक होते, दुसऱ्या एका मंडळीचे. एकदा त्यांनी मला आणि दादाला, माझ्या थोरल्या भावाला, एसटीनं वेरूळला नेलं होतं. आम्हाला आत जाऊ दिलं, स्वतः पायरीपाशी रुमाल अंथरून बसले. मूर्ती असलेल्या ठिकाणी ते पाऊल ठेवत नसत. मी बुद्धाच्या लेण्यातला गारवा घेऊन लगेच परतले. दादा अर्ध्या तासानं आला. अण्णांनी विचारलं, इतका वेळ काय करत होतास? तो म्हणाला, “काही नाही. बसलो होतो.” परतीच्या गाडीत दादा खिडकीतून मागं जाणारा डोंगर बघत होता.

चौथ्या दिवशी फक्की काढली. हरवलेल्या मेंढराचा धडा होता. भल्या सकाळी येऊन मी सगळ्या आवारात एक कुंपण आखलं. एकच रेघ, जिथून निघाली तिथंच येऊन मिळालेली, पण मधे इतकी वळणं, इतके खाचखळगे की नुसतं बघून आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते कळू नये. मुलांना म्हटलं, हवं तिथं उभे राहा. आता ओळखा, तुम्ही कुंपणाच्या आत आहात की बाहेर? गोंधळ उडाला. मग मी युक्ती सांगितली. तुमच्यापासून थेट रस्त्यापर्यंत सरळ चालत जा आणि वाटेत रेघ किती वेळा ओलांडली ते मोजा. एक, तीन, पाच अशी विषम संख्या आली तर तुम्ही आत. सम आली तर बाहेर. रेघ कितीही वाकडी असो, हा नियम चुकत नाही. फक्कीवरून उड्या मारणारी ती पोरं, पांढरे झालेले त्यांचे पाय, ऊन अजून कोवळं होतं. शिकवण्याचं सुख म्हणजे काय ते अशा सकाळी कळतं.

ते सुखच मला नडलं. खेळ रंगात आलेला असताना मी गोष्ट सुरू केली. शंभर मेंढरं होती, नव्याण्णव कुंपणाच्या आत, एक बाहेर. जे बाहेर ते हरवलेलं. रेघ ओलांडल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. कृपा मधल्या एका वळणात उभी होती. ती फाटकाकडे बघत होती. मग ओठ हलवत तिनं काहीतरी मोजलं आणि विचारलं, “बाई, शून्य सम असतंय का विषम?”

“सम,” मी म्हटलं.

“मंग पप्पापासून रस्त्यापर्यंत येकबी रेघ नाय. शून्य. म्हंजे पप्पा भाईर.”

आणि मी म्हटलं, “शाब्बास.”

शून्य सम असतं हे मोठ्या वर्गातल्या मुलांनाही चटकन सांगता येत नाही. नऊ वर्षांच्या पोरीनं ते वापरून दाखवलं याचा मला आनंद झाला. मी खरंच तेवढंच ऐकलं होतं. बाकीचं वाक्य माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा ती खाली वाकून आपल्या पायाजवळची फक्की बोटानं सारखी करत होती. पारावर गौतम मोबाइल बघत होते. आवाज तिथपर्यंत जातो. दहा वाजता त्यांनी फाटकातून हाक मारली, “चल गं,” आणि ती रेघांवरून न जाता भिंतीकडेनं गेली.

पाचव्या दिवशी कृपा आली नाही. वाटलं, पाणी आलं असेल. सहाव्या दिवशीही आली नाही. सुनीताला फोन केला, ती कामावर होती, म्हणाली, “तिला पप्पांच्या दुकानात बसायचंय म्हणते, बाई. येईल की.” पण तिच्या आवाजात येईल असं काही नव्हतं.

त्या दोन दिवसांत मी वर्ग घेतले, मुलांनी गाणी म्हटली, कागदाची कबुतरं केली. घरी आले की कूलरसमोर बसायची. वाळ्याचा वास, पाण्याची टपटप, आणि डोक्यात तो एकच शब्द. शाब्बास. तो मी कुठं शिकले ते मला माहीत होतं. इतकी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून होते, इतकंच.

दादा एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागला, आणि तिथल्या एका सोबत्याच्या बहिणीशी, कुसुमशी, त्यानं लग्न केलं. बौद्ध पद्धतीनं. त्याआधी धम्माची दीक्षा घेतली. घरी येऊन सांगितलं, लपवलं काही नाही. “मी कुणावर रागावून जात नाही, अण्णा,” म्हणाला. “मला तिथं बरं वाटतं.” अण्णा ओरडले असते तर परवडलं असतं. ते आतल्या खोलीत गेले आणि मंडळीच्या नावांची वही घेऊन आले. त्या वहीचे रकाने मीच आखत असे. माझं अक्षर बरं होतं. अण्णांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता आणि वाकडी रेघ त्यांना खपायची नाही. म्हणाले, “शालू, तू मार. तुझी सरळ येते.”

मी एकोणीस वर्षांची होते. नाही म्हणता आलं असतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला नाही म्हणता येतं, हे मी नंतर कितीतरी मुलींना शिकवलं. दादा दारात उभा होता. मी फूटपट्टी धरली, लाल शाईचा पेन घेतला आणि त्याच्या नावावरून रेघ मारली. सरळ आली. अण्णा म्हणाले, “शाब्बास.”

दादानं चपला घातल्या आणि गेला. तो गेला तो शहागंजच्या पलीकडे, आमच्या घरापासून पायी अर्ध्या तासावर. तेवढ्या अंतरावर आम्ही चाळीस वर्षं काढली. शहागंजात टरबूज घ्यायला गेले तरी मी त्याची गल्ली टाळून घड्याळाच्या मनोऱ्याच्या बाजूनं वळसा घालायची. अण्णा वारले तेव्हा तो कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभा होता. भिंत छातीएवढीच होती, आमची नजरानजर झाली, आणि मी मूठभर माती टाकून दुसऱ्या फाटकानं निघाले. मग सहा वर्षांपूर्वी एका सकाळी कुणीतरी फोन केला की दादा गेला. मी रिक्षानं त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी होती, त्रिसरण चाललं होतं. मला ते शब्द येत नव्हते आणि कुठं उभं राहायचं ते कळत नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, “उतरायचं ना, मावशी?” मी म्हटलं, “वळव.”

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटते म्हणून सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी स्कूटी काढली. क्रांती चौकाच्या अलीकडे एका गल्लीच्या तोंडाशी गौतमचं दुकान. पत्र्याची टपरी, बाहेर टायरांची उतरंड, पाण्यानं भरलेलं अर्धं पिंप. कारण म्हणून मी मागच्या चाकातली हवा आदल्या संध्याकाळी स्वतःच सोडली होती. वॉल्व्ह नीट बसला नाही, म्हणून वाटेत दोनदा पंप मागून भरावी लागली. गौतमनी चाकाकडे पाहिलं, वॉल्व्हला थुंकी लावून बघितली, पंक्चर नाही हे त्यांना तेवढ्यात कळलं असणार. तरी म्हणाले, “बसा बाई. आधी ह्याचं करून देतो.” दुसऱ्या कुणाची तरी सायकल उलटी टाकलेली होती.

कृपा आत उलट्या क्रेटवर बसली होती. माझ्याकडे बघून हसली नाही, तोंडही फिरवलं नाही. गौतम ट्यूब पाण्यात दाबून फिरवत होते. एका जागी बारीक बुडबुडे आले. त्यांनी ट्यूब वर काढली, पुसली आणि बॉलपेननं त्या जागेभोवती छोटा गोल काढला, पंक्चर हरवू नये म्हणून. मी त्या गोलाकडे बघत राहिले. बंद रेघ, आत एक जागा, बाहेर सगळं जग. इथंही तेच, असं मनात आलं.

“गौतमराव,” मी म्हटलं, “त्या दिवशी मी चुकले.”

त्यांनी कानस घासायची थांबवली नाही. “तुमी गणित बरोबरच सांगितलं की, बाई.”

“गणित बरोबर होतं. मी चुकले.”

आतून कृपा उठली. तिच्या हातात एक हवा भरलेली जुनी ट्यूब होती आणि तिच्यावर खडूच्या रेघाच रेघा. मनगटात बांगडी असते तशी एक रेघ तिनं ट्यूबभोवती काढली होती. ट्यूब माझ्या मांडीवर ठेवली. “बाई, ही रेघ बंद हाय ना?”

मी बोट फिरवून बघितलं. जिथून निघाली तिथंच मिळत होती. “हो. पक्की बंद.”

“हे मेंढरू रेघेच्या हिकडं हाय.” तिनं माझ्या कुडत्यावरचं एक लिंबाचं वाळकं पान उचलून रेघेशेजारी ठेवलं. “ह्याला तिकडं जायचंय. रेघेवरून जायचं नाय.” मग तिनं पान बोटानं ढकलत दुसऱ्या बाजूनं नेलं, ट्यूबच्या सगळ्या घेराला वळसा घालून, आणि रेघेच्या पलीकडच्या अंगाला आणून थांबवलं. “आलं का नाय?”

आलं होतं. रेघ कुठंही ओलांडली नव्हती, तुटली नव्हती, पुसली नव्हती. कुंपण होतं, पण त्याला आत-बाहेर नव्हतं. मला हे ठाऊक होतं. कॉलेजात मी हे सिद्ध करून दाखवलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते. कागदावर बंद रेघ मारली की दोन भाग होतातच. ट्यूबसारख्या पृष्ठावर होतीलच असं नाही. पंक्चरभोवतीचा छोटा गोल आत-बाहेर करतो, बांगडीसारखी रेघ करत नाही. इतकं सगळं माहीत असून मी त्या लेकरांना फक्त सपाट जमीन दिली होती. मला स्वतःलाही दुसरी कधी सुचली नव्हती.

“परवापासून हेच लागलंय तिला,” गौतम म्हणाले. “दुकानातल्या समद्या ट्युबा रंगवल्या. गिऱ्हाईक म्हनतंय, भाऊ, ही कोनती डिझाइन?” मग चिकटवलेला तुकडा अंगठ्यानं दाबून धरत, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, “बाई, येक बोलू का? राग नका मानू. मी तिथं भाईर नाय बसत. मी सावलीत बसतो. माझं विहार हाय, तिथं मी आतच असतो. मला आत बोलवा असं माझं काय म्हननं नाय.”

“मग?”

“पोरगी रातचं आईला इचारती, पप्पा हरवलेत का म्हनून. तेवढं तिला सांगा. तुमी सांगितलं तर तिला खरं वाटंल. तिचा बाप हरवलेला नाय.”

मी आयुष्यात पुष्कळ प्रमेयं मांडली, पण त्या दुपारी त्या टपरीत जे एक वाक्य मला म्हणायचं होतं ते जिभेवर यायला वेळ लागला. कृपा समोर उभी होती. तिच्या गालावर खडू लागला होता. मी म्हटलं, “कृपा, तुझे पप्पा हरवलेले नाहीत. त्या दिवशी बाई चुकल्या.” तिनं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मला ठाव होतं,” ती म्हणाली. पण रडली. गौतमनी हात पुसले आणि वॉल्व्ह आवळून माझ्या चाकात हवा भरून दिली.

दहाव्या दिवशी पालकांसमोर मुलांनी शिकलेलं सगळं दाखवलं. कपाची बांगडी झाली, वेरूळचा डोंगर झाला. शेवटी कृपानं ट्यूब आणली आणि पानाचं मेंढरू फिरवून दाखवलं. पाळकसाहेब पुढं वाकून बघत होते. भला माणूस आहे, शंका आली की विचारतो. म्हणाले, “बाई, मग आपली मंडळी कागदासारखी की ट्यूबसारखी?” लोक हसले. मी म्हटलं, “मला माहीत नाही, साहेब. मी एवढंच शिकवते, की रेघ मारायच्या आधी खाली काय आहे ते बघावं.” मागच्या बाकांवर थोडी कुजबुज झाली. फाटकाबाहेर पारावर गौतम सावलीत बसले होते. मुलीचं झाल्यावर त्यांनी तिथूनच हात वर केला.

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही; अण्णांनी ते मुलाला शिकवायचं ठरवलं होतं. पण त्या दिवशी मागच्या खोलीत ट्यूब खिळ्याला अडकवताना एक गोष्ट मनात आली ती आली. कुंपण असूनही कुणी बाहेर राहत नाही ते कशामुळे? ट्यूबला मधे भोक आहे म्हणून. आमच्या प्रभूच्या हातांना खिळ्यांची भोकं होती, आणि मरणातून उठल्यावरही ती बुजली नव्हती. शंका घेणाऱ्या शिष्याला त्यानं तीच दाखवली. शुभ शुक्रवारी इतकी वर्षं मी त्या जखमांसाठी रडले आणि त्या बुजल्या का नाहीत हे कधी विचारलं नाही. आता वाटतं, बुजल्या असत्या तर ते कुणी दुसरंच झालं असतं. चूक असेल माझं. पण मला ते तसं दिसलं.

तिथून मी घरी गेले नाही. शहागंजला गेले, एक टरबूज घेतलं, आणि घड्याळाच्या बाजूनं न वळता सरळ दादाच्या गल्लीत शिरले. भर अकराचं ऊन. दोन ठिकाणी विचारावं लागलं. दार कुसुमवहिनींनीच उघडलं. मी त्यांना तरुणपणी एकदाच पाहिलं होतं. आता केस पांढरे, पाठ वाकलेली. मी नाव सांगायच्या आधी त्या म्हणाल्या, “शालूताई ना? या. उनाचं कामून आल्या?”

जणू मी परवाच येऊन गेले होते. त्यांनी माठातलं पाणी दिलं, टरबूज हातातून घेतलं. मी खाटेच्या कडेवर बसले आणि भिंतीकडे नजर गेली. मधे बुद्ध. बाजूला निळ्या कोटातला तो फोटो, त्या गल्लीत घराघरात असतो तो. त्याच्याखाली दादा, एसटीच्या खाकी कपड्यांत, ताजा हार घातलेला. आणि दादाच्या शेजारी, त्याच उंचीवर, त्याच मापाच्या चौकटीत आमचे अण्णा. पाळकाच्या पांढऱ्या झग्यात, गोल चष्मा, हातात शास्त्र. तो फोटो आमच्या घरातूनच हरवला होता. आईनं केव्हातरी गुपचूप दिला असणार.

“हा इथं कसा?” मी विचारलं.

वहिनींना प्रश्न कळला नाही. “कसा म्हंजे? घरातलेच की,” त्या म्हणाल्या. “लगीन झालं तवापासून तिथंच हायेत. हे रोज सकाळी पुसायचे. आता मी पुसते.”

चाळीस वर्षं. मी ज्याला रेघेबाहेर टाकून आले होते, त्यानं रेघ मारायला लावणाऱ्याला रोज सकाळी पुसून स्वच्छ ठेवलं होतं. मग त्या घरात बाहेर राहिलेलं माणूस एकच होतं, आणि त्यालाही आत्ता माठातलं पाणी मिळालं होतं.  वहिनी टरबूज कापायला आत गेल्या. खिडकीच्या गजाला पिवळं फडकं अडकवलेलं होतं. मी उठले, ते घेतलं आणि आधी दादाची, मग अण्णांची काच पुसली. दोन्ही स्वच्छच होत्या. तरी मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसत राहिले.